नळीत उशीर, शिरेत घाई

पत्र:

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची, भांडुपला राहते, फोर्टला एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. लग्नाला पाच वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. यंदा फेब्रुवारीत डावा पाय सुजला, सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. ॲडमिट असतानाच्या तपासण्यांत ॲन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आला; डॉक्टर म्हणाले, तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत. तेव्हापासून ॲसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी आणि दर पंधरा दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट. टोचून घ्यायचा कंटाळा आला. सासूबाईंना कुणी सांगितलं की हे उंदीर मारायचं औषध आहे. त्या म्हणतात, काढा घे. दीर आयटीत आहेत, त्यांनी नव्या उपचारांचे दहा-बारा लेख पाठवले: आयएनआर न लागणारी गोळी, परदेशातली इंजेक्शनं, पवईला तयार झालेली कार-टी. गावची जमीन विकायचीही त्यांची तयारी आहे. आम्हाला मूल हवंय. नव्या उपचारासाठी थांबू का? आणि गौरी-गणपतीत पालेभाज्या खाऊ की नको? – 'गोठलेली', भांडुप

उत्तर:

सही आधी बदल, बाई. गोठलेली कुठली! भांडुपहून फोर्टला रोज लोकलने जातेस-येतेस, दर पंधरा दिवसांनी निमूट हात पुढे करतेस, वर एवढं मुद्देसूद पत्र लिहितेस. लेकीच्या वयाची आहेस म्हणून 'तू' म्हणते, रागावू नकोस.

माझी उभी नोकरी परळच्या बाजूला, रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर गेली. त्यामुळे दिरांच्या लेखांआधी माझं लक्ष तुझ्या रिपोर्टकडे जातं. निळ्या टोपणाच्या नळीत तुझं रक्त घेतलं असेल. त्या नळीत सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. मशिनमध्ये फिरवलं की वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. आता सगळं यंत्र करतं, पण मी शिकले तेव्हा आम्ही हाताने करायचो. ३७ अंशांच्या पाण्यात नळी, त्यात रिएजंट म्हणजे तपासणीचं रसायन, शेवटी कॅल्शियम आणि स्टॉपवॉच चालू. मग नळी तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी. आत पाण्यासारखं हलत असतं आणि एका क्षणी हलायचं थांबतं, खरवस लागावा तसं. निरोगी माणसाचं तीस-पस्तीस सेकंदांत होतं. तुझ्यासारखीची नळी मात्र साठ-सत्तर सेकंद उलटले तरी हलतच राहते.

हे बघून नवशिक्या डॉक्टरला वाटतं, हिला रक्तस्रावाचा आजार. मग आम्ही निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळायचो. काही कमी असेल तर ते भरून निघतं आणि वेळ जागेवर येते. इथे येत नाही. कारण कमी काही नसतं, उलट काहीतरी जास्तीचं असतं: ॲन्टिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायचं सोडून शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेलं प्रथिन. आमचं रिएजंट ज्या फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचं बनलेलं, त्यालाच ती जाऊन चिकटते, म्हणून नळीत उशीर. शरीरात तीच ॲन्टिबॉडी शिरांच्या अस्तरावर आणि प्लेटलेट्सवर बसून त्यांना चिथावते, म्हणून तिथे घाई. या उलट्या कारभाराला 'ल्यूपस ॲन्टिकोॲग्युलंट' असं दुहेरी फसवं नाव मिळालंय. ते असलं म्हणजे ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक आजार) असतोच असं नाही, आणि शरीरात ते गोठणं रोखत तर नाहीच. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये गुठळ्या, गर्भपात आणि या ॲन्टिबॉडी यांची सांगड घातली, म्हणून काही जण याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. तपासण्या एकदाच झाल्या आहेत, त्याही ॲडमिट असताना. या ॲन्टिबॉडी एखाद्या साध्या संसर्गानंतर पाहुण्यासारख्या येऊन जाऊही शकतात. म्हणून किमान बारा आठवड्यांच्या अंतराने टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह आली, तरच शिक्का मारायचा, असा नियम आहे. त्यातून ताज्या गुठळीत हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, चालू असताना ल्यूपसची टेस्ट केली असेल तर ती फसू शकते. ॲसिट्रोम चालू असतानाही फसू शकते. उरलेल्या दोन, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, यांना रक्त पातळ करायच्या औषधांनी फरक पडत नाही. तेव्हा लॅबच्या फॉर्मवर कोणती गोळी, किती, हे ठळक लिही. टेस्ट चांगली यावी म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नकोस. ल्यूपसच्या टेस्टसाठी काय करायचं ते तुझे डॉक्टर आणि लॅबवाले मिळून ठरवतील. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, १९५७ पासूनची. रक्त गोठण्याच्या विकारांवर तिथे पिढ्यान् पिढ्या काम झालंय. लॅबबद्दल शंका असेल तर तिथे दाखवता येईल का, हे डॉक्टरांना विचार. कल्याण-कसाऱ्याहून लोक येतात, तुला तर भांडुपहून यायचंय.

आता सासूबाई. त्यांना सांग, तुम्ही ऐकलं ते अर्धं खरं आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या बरणीत न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आला. गुरांनी बुरसटलेला चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यात दडलेलं रसायन शोधता शोधता पुढे वॉरफरिन बनलं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी. तुझं ॲसिट्रोम म्हणजे ॲसेनोकुमारॉल, त्याचंच चुलत भावंड. उंदराला कुणी आयएनआर करत नाही, तुझा करतात, फरक तिथे आहे. गोळीने रक्त दुधात पाणी घातल्यासारखं पातळही होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकंच. तो वेळ २ ते ३ आयएनआरच्या पट्ट्यात ठेवायचा, खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. काढ्यात काय किती उतरलंय हे सासूबाईंना माहीत नाही आणि मलाही नाही, पण तुझ्या आयएनआरला ते बरोबर कळेल. म्हणून काढा नको. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली कंबरदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. सासूबाईंना तुझ्यासाठी काहीतरी करायचंय, हे मात्र मला पत्रातून दिसतं. त्यांच्यासाठी खाली एक काम काढलंय.

दिरांच्या यादीत पहिली आहे ती आयएनआर न लागणारी गोळी. रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन ही तिची नावं. पायातल्या साध्या गुठळीसाठी उत्तम औषधं आहेत, मी स्वतः कितीतरी जणांना त्यावर सुखात बघितलंय. पण इटलीत तुझ्यासारख्याच, तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर तुलना झाली, २०१८ मध्ये छापून आली. रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्या ५९ जणांपैकी सात जणांना धमनीत गुठळी झाली: चौघांना पक्षाघात, तिघांना हार्ट अटॅक. वॉरफरिन घेणाऱ्या ६१ जणांत एकालाही नाही. अभ्यास मधेच थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी अशा रुग्णांना या गोळ्या देऊ नका असं बजावलं. त्यानंतर अपिक्साबॅनच्या एका छोट्या अभ्यासातही पक्षाघात जास्त दिसले. तेव्हा या जन्मीचा तुझा कंटाळा मला मान्य आहे, पण गोळी बदलायची नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने "आता नवीन आलंय, टोचायची कटकट नाही" म्हणून ती लिहून दिली, तर फाइल उघड आणि 'तिन्ही पॉझिटिव्ह' हे शब्द त्यांच्यासमोर धर. घाईच्या ओपीडीत हे सुटू शकतं. बोटावर टोचून आयएनआर सांगणारं छोटं यंत्रही विकत घेऊ नकोस. या ॲन्टिबॉडीमुळे काहींच्या बाबतीत त्याचा आकडा चुकतो. आयएनआर शिरेतल्या रक्ताचा, आणि नेहमी एकाच लॅबमध्ये.

मग इंजेक्शनं. दिरांचा मुद्दा चुकीचा नाही, उलट चांगला आहे: गोळी गुठळी थोपवते, पण ॲन्टिबॉडी बनतच राहतात. पावसाळ्यात हिंदमाताला पंप लावून पाणी उपसतात ना, तसं. पाऊस थांबवणं पंपाच्या हातात नाही. नवे उपचार पाऊस थांबवायला निघाले आहेत. रिटुक्सिमॅब बी-पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या, मारतं. वीस रुग्णांचा एक छोटा अभ्यास २०१३ मध्ये आला. काहींच्या त्वचेच्या जखमा भरल्या, प्लेटलेट्स सुधारल्या, पण ॲन्टिबॉडीची पातळी होती तिथेच राहिली. का? कारण ॲन्टिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात आणि त्यांच्यावर रिटुक्सिमॅबला ओळखू येणारी खूणच नसते. त्यांच्यावर नेम धरणारं डाराटुमुमॅब, मूळ मायलोमा या कॅन्सरचं औषध, ॲन्टिफॉस्फोलिपिडसाठी तपासलं जातंय, पण ते 'सुरक्षित आहे का' या पहिल्या पायरीवर. एकुलिझुमॅब हे आणखी एक नाव तुझ्या यादीत असेलच. एकाच आठवड्यात किडनी, फुप्फुस, मेंदू अशा अनेक ठिकाणी गुठळ्या होतात, त्या भयंकर आणि सुदैवाने दुर्मिळ प्रकारात, बाकी उपाय थकले तर ते वापरतात. तो प्रकार उद्भवायचं एक कारण म्हणजे चालू गोळी मधेच बंद करणं. काढ्याच्या नादात ही गोळी सुटली असती तर काय, म्हणून मी वर एवढी कडक बोलले.

कार-टीवर जरा थांबते, कारण जमिनीचा विषय तिथे निघालाय. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, ठरावीक पेशींना ओळखून मारतील अशा बदलायच्या आणि परत अंगात सोडायच्या. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेली नेक्सकार१९ ही आपल्या देशातली पहिली कार-टी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. दिरांची छाती फुगली असेल तर माझीही फुगली होती. मात्र ती परवानगी बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिंफोमा या कॅन्सरसाठी आहे, तेही बाकी उपचार हरल्यावर. स्वतःवर उलटलेल्या आजारांत कार-टी पहिल्यांदा गाजली ती जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये, २०२१ साली, ल्यूपस झालेल्या एका विशीतल्या मुलीवर. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचा अनुभव आला, सगळ्यांची औषधं सुटली. हे थोर काम आहे. पण ते ल्यूपसचं, तुझ्या आजाराचं नव्हे. शिवाय कार-टी जी खूण शोधते, सीडी१९, ती त्या जुन्या ठाण मांडलेल्या प्लाझ्मा पेशींवर बहुधा नसतेच. म्हणजे रिटुक्सिमॅबची कथा इथेही थोडी पुढे चालू राहू शकते.

आणि लेखात एका ओळीत उरकलेली, तुझ्यासाठी मात्र सगळ्यात मोठी गोष्ट: कार-टीच्या पेशी अंगात सोडण्याआधी जागा रिकामी करायला केमो देतात. त्यात बहुधा सायक्लोफॉस्फामाइड असतं, आणि ते स्त्रीबीजांना मारक ठरू शकतं. मूल हवं म्हणून जमीन विकायची आणि त्या पैशातून हे विकत घ्यायचं? दिरांना म्हणावं, जमीन राहू द्या, भात लावा.

यादीतलं एकच नाव तुझ्या प्रश्नाशी थेट भिडतं: सर्टोलिझुमॅब. संधिवाताचं जुनं इंजेक्शन, ज्याच्या रचनेमुळे ते नाळेतून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. अमेरिका-कॅनडात ल्यूपस ॲन्टिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह असलेल्या पन्नासेक गरोदर बायकांना हेपरिन आणि ॲस्पिरिनच्या जोडीला ते दिलं. पूर्वीच्या अनुभवावरून पाचातल्या दोघींचं मोठं नुकसान होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ते पाचातल्या एकीचं झालं. मला हे मनापासून आवडलं. तरी त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि आपल्या मुंबईत एक जादा पेच आहे: या जातीची औषधं शरीरात झोपलेल्या टीबीला जागं करतात. आपल्याकडे झोपलेला टीबी किती घरांत आहे, हे मी सांगायला नको. कुणी हे इंजेक्शन सुचवलं तर पहिला प्रश्न, "माझी टीबीची तपासणी कधी?" दुसरा, "आधीचं हेपरिन-ॲस्पिरिन एकदा नीट वापरून झालं का?" तुझं ते झालेलंच नाही. दोन्ही वेळा तुला आजाराचं नावही माहीत नव्हतं.

म्हणून थांबू का, याचं उत्तर: नव्या औषधासाठी नको. गुठळी ताजी असताना दिवस राहू नयेत, तो काळ तुझा सरत आलाय, पण "आता चालेल" हे शब्द रक्ताच्या डॉक्टरांच्या आणि प्रसूतितज्ज्ञांच्या तोंडून, दोघांना एकमेकांशी बोलायला लावून, ऐक. तोवर गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेन असलेली गोळी मात्र चुकूनही नाही, तिने गुठळीला आमंत्रण मिळतं. योजना साधारण अशी असते: ॲस्पिरिनचा छोटा डोस आधीपासून, बहुतेक डॉक्टर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही जोडतात. (२०२० मध्ये लोकांनी मेडिकल रिकामी करून घरात दडवली, तीच ही. तेव्हा खऱ्या गरजूंना मिळेना.) पाळी चुकली की आठवडाभर वाट बघायची नाही. दोन-तीन दिवसांत घरी टेस्ट, आणि दोन रेघा दिसल्या की त्याच दिवशी फोन. ॲसिट्रोमच्या जातीची औषधं सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला अपाय करतात, म्हणून सहावा आठवडा लागायच्या आत हेपरिनवर जायचं. गोळी कधी थांबवायची आणि इंजेक्शन कधी सुरू करायचं हे आत्ताच, दिवस राहण्याआधी, केसपेपरवर लिहून घे. पाळी चुकलेल्या रविवारी डॉक्टर गोव्याला असतात, हा माझा जुना अनुभव.

हेपरिन पोटावर टोचायचं, बहुधा दिवसातून दोनदा, प्रसूतीपर्यंत. पोटावर निळे-हिरवे डाग पडतील, घाबरायचं नाही, जागा बदलत राहायची. टोचायला नवऱ्याला शिकव. आमच्याकडे एक मेकॅनिक यायचा, बायकोच्या पोटावर टोचताना त्याचाच घाम निघायचा, शेवटी मात्र नर्सपेक्षा हात हलका झाला त्याचा. त्या नऊ महिन्यांत आयएनआर नाही, हा तुझ्या कंटाळ्याला बोनस. या साध्या, जुन्या उपचारावर या आजाराच्या दहापैकी सात-आठ बायकांच्या हातात मूल येतं. तिन्ही पॉझिटिव्ह आणि आधी गुठळी, अशांत तो आकडा थोडा खाली असतो, हेही तुला कळायला हवं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सर्वांत वाईट, तेव्हा औषध सोडायचं नाही. गोळीवर परत गेलीस तरी दूध पाजता येतं.

दिरांसाठीही काम आहे, हुशार माणूस रिकामा बसू नये. आपल्या देशातल्या औषधांच्या प्रत्येक ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. तिथे त्यांनी अधूनमधून 'ॲन्टिफॉस्फोलिपिड' शोधत राहावं. काही सापडलं तर संमतिपत्र मराठीत मागावं, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार ते त्यात वाचावं. २०१९ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे. ट्रायलच्या नावाने कुणी पैसे मागितले तर खुर्चीवरून उठून यावं.

श्वास अचानक लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, पाय पुन्हा सुजला किंवा शौचाला काळं झालं, तर मला पत्र लिहायचं नाही, कॅज्युअल्टी गाठायची.

राहता राहिल्या पालेभाज्या. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं आणि गोळीचं काम त्याच्याच विरुद्ध चालतं. म्हणून एरवी पालेभाजी बंद आणि गौरीच्या दिवशी सोळा भाज्यांचा डोंगर, असं केलंस तर आयएनआर झोपणार. त्याऐवजी वर्षभर रोज साधारण सारखी खा, एक वाटी. हेच सासूबाईंचं काम: काढा उकळण्याऐवजी तुझ्या ताटातली पालेभाजीची वाटी त्यांनी मोजून वाढायची, श्रावण असो की भाद्रपद. ऋषिपंचमीची भाजीही खा, अळू, माठ, सगळं घालून केलेली, पण त्याच वाटीने. गौरी गेल्या की चार-पाच दिवसांत आयएनआर करून घे. त्याच खेपेला लॅबमध्ये बारा आठवड्यांच्या राहिलेल्या टेस्टची तारीखही घेऊन ये.